खाण्याची नोंद ठेवल्यावर लोह आणि कॅल्शियम शिफारशीपेक्षा कमी दिसत असेल, तर गोळ्या सुरू कराव्यात का?

सहा आठवडे रोजचे खाणे ॲपमध्ये नोंदवल्यावर लोह शिफारशीच्या ७० टक्के, कॅल्शियम ८० टक्के आणि मॅग्नेशियम जेमतेम ५० टक्के भरते, तेव्हा पूरक गोळ्या घ्याव्यात का आणि याहून अचूक ॲप कोणते, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की आकडा कमी दिसतो म्हणून गोळी घेऊ नये आणि आकडा पुरेसा दिसतो म्हणून निर्धास्तही राहू नये. यातील दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पाच वर्षांपूर्वी मला सतत थकवा जाणवू लागला. जिना चढताना धाप लागे, दुपारनंतर कामात लक्ष लागत नसे. खाण्यात काही कमी पडत असेल तर ते शोधून काढावे, या विचाराने मी वजनकाटा आणला आणि ताटात येणारा प्रत्येक पदार्थ तोलून अकरा आठवडे, एकही दिवस न चुकवता, नोंद ठेवली. रोज सुमारे २,००० उष्मांक, ७५ ग्रॅम प्रथिने आणि २० मिलिग्रॅम लोह भरत होते. ॲपने माझ्यासाठी लोहाचे लक्ष्य १८ मिलिग्रॅम धरले होते, त्यामुळे ती पट्टी रोज हिरवी दिसे. चौथ्या आठवड्यात ताई राहायला आली. माझ्याकडे पाहताच ती म्हणाली, "चेहरा उतरलाय तुझा, आधी रक्त तपासून घे." मी तिला आलेख दाखवले. एका आहारतज्ज्ञांनीही तेच आलेख पाहून आहार उत्तम असल्याचे सांगितले होते, त्यामुळे मी तपासणी पुढे ढकलली. ताईने आणखी दोनदा फोन करून आठवण केली आणि दोन्ही वेळा मी तिला आकडेच वाचून दाखवले.

अकराव्या आठवड्यात मात्र एका गोष्टीचा मेळ बसेना. नोंदीप्रमाणे मी गरजेइतके खात होते, तरी माझे वजन ५८ वरून साडेचोपन्न किलोवर आले होते. शरीराला लागणारी ऊर्जा खाण्यातून पूर्ण मिळत असती तर साडेतीन किलो वजन कुठे गेले असते? त्या रात्री बसून मी एकेक नोंद उलटी तपासली, तेव्हा चूक सापडली. मी रोज दोन वेळा मिळून २०० ग्रॅम शिजवलेली मसूर खात होते आणि पहिल्या दिवशी ॲपच्या यादीतून जी ओळ निवडली होती ती कोरड्या मसुरीची होती. कोरड्या मसुरीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिने आणि ३५० उष्मांक असतात. शिजल्यावर ती पाणी शोषून घेते, त्यामुळे तेवढ्याच वजनात साधारण ९ ग्रॅम प्रथिने आणि ११५ उष्मांक उरतात. लोहही निम्म्यावर येते. म्हणजे माझ्या नोंदीतले रोजचे ४७० उष्मांक, ३० ग्रॅम प्रथिने आणि सहा-सात मिलिग्रॅम लोह प्रत्यक्षात माझ्या पोटात कधी गेलेच नव्हते. एकदा निवडलेली ओळ ॲप आपणहून पुढे सुचवत राहते, त्यामुळे ती एकच चूक ७७ दिवस चालू राहिली.

रक्ततपासणीत फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, लिटरमागे ९ मायक्रोग्रॅम आले. निरोगी प्रौढांमध्ये ते १५ च्या खाली गेले की शरीरातील लोहाचा साठा संपला, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार मानतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि काही महिन्यांत थकवा गेला. मी ताईचे पहिल्याच दिवशी ऐकायला हवे होते, हे मी तिच्यासमोर मान्य केले आहे. पण त्या दिवसापासून ताई म्हणते, "तू जेवणाचा हिशेब मांडलास आणि जेवायचं विसरलीस." खाणे मोजणे हाच मुळी दोष आहे, असा तिचा निष्कर्ष आहे आणि तो मला आजही मान्य नाही. चूक मोजण्यात नव्हती, ओळ निवडण्यात होती. आणि ती चूक उघड झाली तीही मोजल्यामुळेच. नोंदच नसती, तर कमी झालेल्या वजनाशी ताडून पाहायला माझ्याकडे काहीच नसते.

साधारणपणे लोकांची चूक याच्या उलट दिशेने होते. वजन कमी होत नाही अशी तक्रार असलेल्या काही स्थूल व्यक्तींचा एक अभ्यास अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणे नोंदवल्याचे दिसले. तेल, साखर, चव पाहताना खाल्लेले घास नोंदीतून गळतात, आणि तेलाच्या तर प्रत्येक ग्रॅमला ९ उष्मांक असतात. म्हणून आपल्या सहा आठवड्यांतील वजन आधी पाहा. नोंदवलेले उष्मांक आणि वजनाची दिशा जुळत नसतील, तर लोह आणि कॅल्शियमच्या टक्केवारीवर चर्चा करण्यात अर्थ नाही, कारण ते आकडेही त्याच नोंदीतून निघाले आहेत. घरी शिजवलेल्या पदार्थासाठी माझी पद्धत अशी आहे की कोरडे धान्य किंवा डाळ आधी तोलायची, शिजल्यावर पूर्ण भांड्यातला पदार्थ तोलायचा आणि ताटातला वाटा त्या प्रमाणात काढायचा. १५० ग्रॅम डाळ शिजून ५२० ग्रॅम झाली आणि आपण १८० ग्रॅम वाढून घेतली, तर नोंद ५२ ग्रॅम कोरड्या डाळीची करावी.

आता आपल्या टक्केवारीविषयी. ॲप ज्या आकड्याशी तुलना करते तो सरासरी गरजेचा आकडा नसतो. अमेरिकेत अशा शिफारशी १९४३ साली, महायुद्धाच्या काळात, लोकसमूहांच्या अन्नाचे नियोजन डोळ्यांपुढे ठेवून प्रथम प्रसिद्ध झाल्या, आणि आजही शिफारशीचा आकडा ९७ ते ९८ टक्के निरोगी लोकांची गरज भागेल इतका वर ठेवलेला असतो. निम्म्या लोकांची गरज ज्यात भागते तो सरासरी आकडा वेगळा असतो आणि बरीच ॲप तो दाखवतच नाहीत. अमेरिकेच्या तक्त्यात तरुण प्रौढांसाठी कॅल्शियमची शिफारस १,००० मिलिग्रॅम आहे आणि सरासरी गरज ८००. म्हणजे आपले ८० टक्के नेमके सरासरी गरजेवर येतात. त्याला कमतरता म्हणता येणार नाही, तसेच पूर्ण निश्चिंतीही म्हणता येणार नाही. लोहाच्या बाबतीत आपण स्त्री आहात की पुरुष हे लिहिलेले नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो, कारण त्याच तक्त्यात पुरुषांसाठी ८ आणि पाळी येणाऱ्या स्त्रियांसाठी १८ मिलिग्रॅम आहेत. भारताच्या २०२० च्या तक्त्यात हेच आकडे १९ आणि २९ आहेत. शरीरे तीच आहेत. प्रामुख्याने वनस्पतिजन्य आहारातून लोह कमी शोषले जाते हे त्यात धरलेले आहे. माझा आहार त्याच प्रकारचा होता आणि ॲपचे लक्ष्य मात्र १८ चे होते, हे मला फार उशिरा समजले. शिवाय जेवणाबरोबर चहा किंवा कॉफी घेतल्यास शोषण घटते आणि क जीवनसत्त्व असलेले फळ घेतल्यास वाढते, यातले काहीही पट्टीत दिसत नाही.

मॅग्नेशियमचे ५० टक्के मला बहुधा खोटे वाटतात. पाकीटबंद पदार्थांच्या वेष्टनावर मॅग्नेशियम सहसा छापलेले नसते, आणि माहिती नसलेल्या जागी बरीच ॲप शून्य धरून बेरीज करतात. आपल्या नोंदीतील पाच-सहा नेहमीचे पदार्थ उघडून पाहा. ती जागा रिकामी असेल तर तो आकडा विचारातच घेऊ नका. अचूक ॲप कोणते याचे उत्तर माझ्यापाशी एवढेच आहे की जे अन्नघटकांच्या प्रयोगशाळेत तपासलेल्या सरकारी तक्त्यांवर चालते आणि वापरणाऱ्यांनी भरलेल्या नोंदी वेगळ्या दाखवते, ते घ्यावे.

गोळ्यांबाबत आधी फेरिटिन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. तपासणीशिवाय लोह घेऊ नका, कारण काही जणांच्या शरीरात ते साठत जाऊन यकृताला इजा करते. गरोदर स्त्रिया, वाढीची मुले आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले लोक यांना मी वर दिलेले आकडे लागू होत नाहीत. आणि खाण्याचा ताण घेण्याचा किंवा उपाशी राहण्याचा त्रास ज्यांना पूर्वी झाला आहे, त्यांनी अशी नोंद ठेवूच नये. त्यांच्या बाबतीत ताईचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे.