दाखल्याची पाठ कोरी ठेवा

प्रश्न : मुलगा दुबईत नोकरीला आहे. सून आणि नात आता त्याच्याकडे जायच्यात. लग्नाच्या दाखल्याची झेरॉक्स कोर्टाजवळ नोटरी करून पाठवली, ती तिकडून परत आली. इथला एक एजंट म्हणतो, ‘चार दिवसांत अपोस्टिल करून देतो.’ द्यावं का त्याला काम?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, एजंटाला आधी थांबवा. अपोस्टिल म्हणजे आपला कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय त्यावर लावतं तो स्टिकर. हे १९६१ च्या हेग कराराचं प्रकरण. भारत त्यात २००५ पासून आहे, दुबई ज्यात येते ती अमिराती (यूएई) नाही. फ्रान्सला जायचं असतं, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या त्या स्टिकरवर भागलं असतं. दुबईला ते चालत नाही.

आता माझ्याच धंद्याबद्दल सांगतो, कारण मीही सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टापाशी नोटरी म्हणून बसतो. झेरॉक्सवर मी शिक्का मारतो, म्हणजे मूळ कागद समोर ठेवून ताडून पाहिला, एवढंच. मूळ कागद अस्सल की बनावट, ते त्या शिक्क्यात येत नाही. आणि दुबईतल्या साहेबाने नाशिकच्या नोटरीची सही ओळखायची तरी कशी? म्हणून साखळी लागते, आणि तीही मूळ दाखल्यावर. महापालिकेतल्या विवाह निबंधकाची सही मुंबईला मंत्रालयात प्रमाणित होते. तिथल्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना परराष्ट्र मंत्रालयाकडे असतो. त्यांचा शिक्का अमिरातीची मुंबईतली वकिलात ओळखते. शेवटी दुबईत त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, तो मुलगा करून घेईल.

गंमत अशी, की यातला प्रत्येक जण फक्त आधीच्याची सही बघतो. मजकुराची हमी कुणीच देत नाही. नाव चुकलेलं असेल तर तीन शिक्क्यांसकट चुकलेलंच दुबईला पोचतं. सुनेचं नाव लग्नात बदललंत का? दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं, असं आपल्याकडे घरोघरी असतं. पासपोर्ट शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर लावून बघा. दुरुस्ती लागली तर ती आधी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात. मंत्रालयाची पायरी त्यानंतर.

दाखला लॅमिनेट केलेला नाही ना? शिक्के, स्टिकर पाठीमागे येतात आणि प्लास्टिकवर शाई धरत नाही. मी माझ्या भाचीचा दाखला मोठ्या हौसेने लॅमिनेट करून दिला होता. पुढे ब्लेडने सोलायला गेलो, तर निबंधकाची अर्धी सही प्लास्टिकबरोबर निघून आली. नवी प्रत काढावी लागली. वकील मामा म्हणून घरात अजून ऐकून घेतो.

एजंट नेमायला हरकत नाही. परराष्ट्र मंत्रालय कागद अधिकृत संस्थांमार्फतच घेतं आणि त्यांची यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. मंत्रालयाची स्वतःची फी अपोस्टिलला ५० रुपये, साध्या अटेस्टेशनला, म्हणजे दुबईसाठी लागणाऱ्या त्यांच्या शिक्क्याला, काहीच नाही. बाकी पैसे सेवाशुल्काचे आणि वकिलातीचे. पावत्या वेगवेगळ्या मागा. ‘सगळं मिळून’ असा एकच आकडा सांगणाऱ्याकडून उठून या.

आणि नातीचा जन्मदाखला त्याच फेरीत द्या. त्याआधी उघडून बघा : बाळाच्या नावाचा रकाना कोरा असेल, तर पहिली खेप महापालिकेत नाव नोंदवायला.