आधी मैदान, मग यादी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल दोनदा वाचली. आई-बाबांना ब्रिजवॉटरच्या बालाजीला सोडलंस आणि तू त्याच गावातल्या सॉमरसेट पेट्रियट्स या बेसबॉल संघाच्या मैदानावर जाऊन नऊच्या नऊ इनिंग बसलीस, हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! आपल्या न्यू जर्सीतल्या घरांत न्यूयॉर्क यांकीजच्या टोप्या असतात, पण मायनर लीगची, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरची, मॅच बघायला आपणहून जाणारं पोर मला आजवर भेटलं नव्हतं.

मेलसोबत तू शंभर होतकरू खेळाडूंची यादी जोडलीस आणि लिहिलंस, "काका, यातले मेजर लीगला नक्की कोण पोहोचतील त्यांच्यापुढे खूण करून पाठवा." खुणा केलेल्या नाहीत. ती यादी सध्या बाजूला ठेव. ती करणारे लोक जाणकार असतात, त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण ती वाचून मैदानावर गेलं की डोळ्यांना यादीत लिहिलेलं तेवढंच दिसतं. आधी मैदान बघ. यादी कुठे पळून जात नाही.

माझी एक चूक सांगतो, म्हणजे मी हे का म्हणतोय ते कळेल. आज पेट्रियट्स आहेत तो यांकीजचा डबल-ए संघ, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालचा, २०२० पर्यंत ट्रेंटनला होता, डेलावेअर नदीच्या काठावर. बॅटरनं टाकलेली बॅट तोंडात धरून परत आणणारा एक गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा तिथे असायचा, पोरांची गर्दी त्याच्यासाठीच. २०१५ च्या मे महिन्यात तिथे मी ॲरन जजला पाहिलं. सहा फूट सात इंच उंच. त्या रात्री वहीत मी लिहिलं, "फार उंच. स्ट्राइक झोनही तेवढाच मोठा. वर निभाव लागणार नाही." चेंडू ज्या चौकटीतून गेला की स्ट्राइक धरतात ती बॅटरच्या उंचीप्रमाणे वाढते, आणि तीन स्ट्राइक म्हणजे स्ट्राइकआउट, बाद. पुढच्या वर्षी, १३ ऑगस्ट २०१६ ला, त्यानं मेजर लीगच्या पहिल्याच बॅटिंगला होम रन मारला. त्याच्या आधीच्या बॅटरनं, टायलर ऑस्टिननं, तोही पहिल्यांदाच खेळत होता, त्यानंही मारला होता. एकाच संघातल्या दोन नवख्यांनी पहिल्याच बॅटिंगला लागोपाठ होम रन मारण्याची मेजर लीगमधली ती पहिलीच वेळ. पण त्या सबंध मोसमात जज ८४ ॲट-बॅटमध्ये, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्यांत, ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला, सरासरी .१७९, म्हणजे दहा पाळ्यांत दोन हिटही नाहीत. मी वही काढून घरात सगळ्यांना दाखवली. बघा, मी म्हणालो होतो. आणि २०१७ मध्ये त्याच मुलानं ५२ होम रन मारले, २०२२ मध्ये ६२.

माझा अंदाज चुकला याचं मला काही वाटत नाही, अंदाज सगळ्यांचेच चुकतात. मला खंत वाटते ती वेगळीच. ती वही आज उघडतो तेव्हा त्या मे महिन्यात जज प्रत्यक्षात काय करत होता, याचा एक शब्दही तिच्यात नाही. कुठले चेंडू त्यानं सोडले, दोन स्ट्राइक झाल्यावर पाय आखडता घेतला का, काहीच नाही. होता तो फक्त माझा निकाल. म्हणून तुला पहिली गोष्ट हीच सांगतो: वहीत निकाल लिहू नकोस, दिसलं ते लिही.

एका मोसमात तीन-चार खेळाडू घे, जास्त नकोत. ते निवडताना त्यांची किंमत, करार, नंबर काही बघू नकोस. ज्याच्याकडे तुझी नजर आपोआप जाते तो घे. एक पिचर, चेंडू टाकणारा, असू दे आणि एक कॅचर, बॅटरच्या मागे बसून तो झेलणारा, जरूर असू दे, कारण कॅचर प्रत्येक चेंडूला कामात असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्यानं ग्लव्ह कुठे धरला आणि चेंडू घ्यायला तो किती हलवावा लागला, एवढं एक जरी तू दोन इनिंग बघितलंस तरी त्या दिवशीचा पिचर तुला कळेल. बॅटरचा होम रन लिहायची गरज नाही, तो सगळीकडे छापून येतो. त्यानं कुठला चेंडू सोडला ते लिही. बेसवर धावक आला की पिचरचा वेग बदलतो का, तो श्वास घ्यायला मागे वळतो का, ते लिही.

शक्य असेल तर एकाच आठवड्यात दोनदा जा. २०२१ पासून मायनर लीगमध्ये साधारणपणे मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सहा सामने असतात, सोमवारी सुट्टी. तुझ्यासारख्या शिकणाऱ्या डोळ्यांना ही मोठी सोय आहे. मंगळवारी आठव्या इनिंगला बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेतून, आलेल्या एखाद्या पोरानं समोरच्या बॅटरला स्लायडरवर, शेवटी बाजूला वळणाऱ्या चेंडूवर, फसवलं, तर शुक्रवारी तीच जोडी पुन्हा समोरासमोर येऊ शकते. आता तो स्लायडर बॅटर सोडतो का? मला विचारशील तर सगळा मायनर लीग या एका प्रश्नात आहे.

आकडे मात्र टाकून देऊ नकोस. मला त्यांतले थोडेच उपयोगी वाटतात. वय आधी बघ: डबल-एमधला १९ वर्षांचा आणि २५ वर्षांचा मुलगा सारखेच रन करत असतील तर ते सारखे नाहीत. मग स्ट्राइकआउट आणि वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) यांचं प्रमाण बघ. सरासरी सगळ्यात शेवटी. आणि मैदान कुठलं ते विसरू नकोस. ट्रिपल-एच्या, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीच्या, पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की, रीनो यांसारखी उंचावरची गावं आहेत. तिथली हवा विरळ, चेंडू लांब जातो, वळतो कमी. तिथल्या बॅटरचा आकडा पाहून हुरळू नये आणि तिथल्या पिचरचा पाहून नाक मुरडू नये.

तुझ्या यादीबद्दल अजून एक सांगतो. बेन राइस हे नाव २०२१ साली कुठल्या यादीत शोधून सापडलं नसतं. यांकीजनं ड्राफ्टमध्ये, म्हणजे दरवर्षीच्या खेळाडू-निवडीत, बाराव्या फेरीत, ३६३ वा निवडलेला कॅचर. डार्टमथ कॉलेजचा, आणि कोविडमुळे त्या कॉलेजनं २०२१ चा मोसम खेळलाच नव्हता. सॉमरसेटला तो २०२३ मध्ये आला. १८ जून २०२४ ला यांकीजकडून पहिला सामना, आणि ६ जुलैला बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध एकाच सामन्यात तीन होम रन. यांकीजच्या कुठल्याच नवख्यानं त्याआधी ते केलं नव्हतं. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे रेड सॉक्सच्या अंगणात वाढलेला हा मुलगा! मी त्या रात्री जेवायचा थांबलो होतो. पण पुढचं ऐक. नंतर बॅट थंडावली, ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा खाली ट्रिपल-एला पाठवलं, वर्षअखेर सरासरी .१७१. आणि २०२५ मध्ये त्याचे २६ होम रन.

"पोहोचला" हा शब्द आपण फार लवकर वापरतो. मेजर लीगच्या प्रत्येक संघाची ४० जणांची यादी असते आणि प्रत्यक्ष मैदानासाठी २६ जण. त्या चाळिसात नाव आलं की साधारण तीन मोसम संघ त्याला वर-खाली करू शकतो. कोणाचा हात दुखावला की फोन येतो, तो बरा झाला की बॅग भरायची. यांकीजची अशी मुलं त्यांच्या ट्रिपल-ए संघाचं गाव स्क्रॅन्टन आणि न्यूयॉर्क यांमध्ये इतक्या वेळा ये-जा करतात की भाड्याचं घर कुठे घ्यावं हेही त्यांना कळत नाही. म्हणून कोणी वर गेला की तुझ्या वहीतलं त्याचं पान बंद करू नकोस. खरं पान तिथून पुढे आहे.

वर जाण्याचा क्षण मात्र कधीतरी डोळ्यांनी बघ. एका ऑगस्टमधल्या रात्री मी डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकांच्या, जरा वर बसलो होतो. पाचव्या इनिंगला राइट फील्डला भलताच मुलगा धावत गेला. नेहमीचा मुलगा डगआउटमध्येच, लंगडत नव्हता, बर्फ लावलेला नव्हता, टोपी हातात घेऊन उभा. मग मॅनेजरनं त्याला मिठी मारली आणि आम्हा चार-पाच जणांना एकदम कळलं. एकेक जण येऊन मिठी मारत होता. सगळ्यात शेवटी त्याचा खोलीतला जोडीदार आला. वयानं दोन वर्षं मोठा, त्याच जागेवर खेळणारा, त्याला तो फोन आलेला नव्हता. त्यानं सगळ्यांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं, पाठीवर थापट्या मारल्या, आणि पुढच्या इनिंगला हेल्मेट घालून बॅटिंगला गेला. स्ट्राइकआउट झाला. त्या रात्री वहीत मी वर गेलेल्याचं नाव लिहिलं आणि त्याच्याखाली याचंही.

तो जोडीदार वर गेला नाही. बहुतेक जात नाहीत, हे तुला आत्ताच माहीत असलेलं बरं. २०२२ पर्यंत डबल-एच्या खेळाडूचा किमान पगार वर्षाला १३,८०० डॉलर होता. कित्येक मुलं हिवाळ्यात गोदामात काम करून चेंडू टाकायचा सराव करत. संघटना झाली, २०२३ चा करार झाला, आणि तो ३०,२५० वर गेला. मला त्या बातमीनं एखाद्या विजेतेपदाइतका आनंद झाला होता. म्हणून सही मागायला जाशील तेव्हा समोरचा मुलगा काय मिळवून आणि काय सोडून तिथे उभा आहे ते मनात असू दे. नाव घेऊन हाक मार. पाठीवरचा नंबर पुकारू नकोस.

ड्रू मॅगीचं नाव तू ऐकलं नसशील. २०१० मध्ये पिट्सबर्गच्या पायरेट्स संघानं पंधराव्या फेरीत निवडलेला मुलगा. तेरा मोसम, अकराशेहून जास्त सामने, सगळे मायनर लीगमध्ये. २०२१ मध्ये मिनेसोटानं वर बोलावलं आणि मैदानात न उतरवताच परत पाठवलं. २६ एप्रिल २०२३ ला पिट्सबर्गमध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, आठव्या इनिंगला तो बॅट घेऊन बाहेर आला आणि सगळं मैदान उभं राहून त्याचं नाव घेऊ लागलं. तो स्ट्राइकआउट झाला. तरी लोक उभेच. तीन दिवसांनी वॉशिंग्टनला त्याचा पहिला हिट आला. इतकी वर्षं त्याच्या मागे राहिलेला एखादा माणूस त्या रात्री त्या गर्दीत असेल, असं मला नेहमी वाटतं. तसा माणूस होता येतं, बाळ. त्याला तिकिटाएवढेच पैसे लागतात.

हे आपल्याला नवं नाही. तुझ्या बाबांना अमोल मुजुमदार विचार. रणजीच्या पहिल्या सामन्यात २६० धावा, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर, आणि भारताची टोपी एकदाही नाही. शिवाजी पार्कवर उन्हात उभं राहून त्याची बॅटिंग बघणारे आम्ही होतो. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तो होता, आणि इथे एडिसनमध्ये तुझे बाबा आणि मी फोनवर दोघंही बोलू शकत नव्हतो.

तू कुमार रॉकर या पिचरबद्दलही विचारलंस, आईकडून तो भारतीय वंशाचा आहे म्हणून. त्याच्या वाटेला जरूर लाग. २०२१ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवड होऊनही वैद्यकीय तपासणीनंतर करार झाला नाही. वर्षभरानं टेक्सासनं तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, आणि १२ सप्टेंबर २०२४ ला सिॲटलमध्ये पहिल्या सामन्यात चार इनिंगमध्ये सात स्ट्राइकआउट. त्याचबरोबर रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांचंही वाच. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, २००८ मध्ये पायरेट्सनं करार केला. दोघंही मेजर लीगपर्यंत गेले नाहीत. तरी तुझ्या वहीचं पहिलं पान त्यांना दे असं मी म्हणेन.

पुढच्या मंगळवारी पेट्रियट्स घरच्या मैदानावर आहेत. मी सहा वाजताच येतो, बुलपेनमध्ये पिचर गरम होताना बघायचा असतो. तिसऱ्या बेसच्या बाजूला, डगआउटच्या वर दोन जागा घेतो. साधी रेघांची वही आण आणि पेन्सिल, पेन थंडीत चालत नाही. जाड जॅकेटही आण, सातव्या इनिंगनंतर गार वारा सुटतो. आणि शॉर्टस्टॉपला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, खेळणाऱ्या त्या बुटक्या पोराबद्दल तू जे एक वाक्य लिहिलंस, की चेंडू येण्याआधीच त्याची टाच उचललेली असते, ते वहीत तारखेसकट उतरवून आण. मला ते दिसलं नव्हतं.

तुझा,
काका