कान आहे, बोटांचं काय?

प्रश्न : वय ४१. ऐकलेलं गाणं पेटीवर आपोआप वाजवता येतं, शिकले मात्र कधीच नाही. हा खरंच गुण आहे की नुसती सवय? पुढे काय करू?

उत्तर : आधी एक चाचणी घ्या. कधीही न वाजवलेल्या गाण्याचा मुखडा दोनदा ऐकून काळी एकमध्ये, म्हणजे पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून, शोधा, मग तोच काळी चारमध्ये वाजवा. षड्ज (सा) बदलूनही चाल सापडली, तर स्वरांमधली अंतरं तुम्हाला ऐकू येतात. ते बोटांचं पाठांतर नव्हे. अडखळलात तरी हरकत नाही, कान तयार होतो.

खरी अडचण बोटांत असते. कानावर वाजवणारे अनेकदा दोनच बोटांवर भागवतात आणि द्रुत तानेत, म्हणजे झपाट्याने येणाऱ्या स्वरांत, अडकतात. दुसरी खोड म्हणजे तालाबरोबर भाता हापसणं; त्याने स्वर हेलकावतो. हवा सावकाश, सलग भरा.

रोज अर्धा तास पुरे. पहिली दहा मिनिटं सारेग, रेगम, गमप हा अलंकार मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून, ठोक्याला एक स्वर, प्रत्येक स्वराचं बोट ठरवून. सलग तीनदा बिनचूक आला की ५ ने वाढवा. घाई इथेच नडते. पुढची दहा मिनिटं तानपुऱ्यावर स्वर आधी गा, मग पट्टी दाबा. शुद्ध गंधार (ग) मात्र पेटीवरून पारखू नका; पेटीतला तो तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. उरलेल्या वेळात नवं गाणं.

दर पंधरा दिवसांनी तेच एक गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.