देवावर विश्वास ठेवूनही व्यसन परत लागते, तेव्हा काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की दारू दोनदा सोडली, दोन्ही वेळा देवाला साकडे घातले आणि तरीही ती परत लागली. मग देवाच्या भरवशावर माणूस कायमचा बदलतो, हे खरे मानायचे का? मी परळला राहतो, छापखान्यात नोकरी करतो आणि माझी दारू सुटून आता ११ वर्षे झाली आहेत. माझ्यापुरते जे खरे ठरले तेच सांगतो.

माझीही सुरुवात साकड्यानेच झाली. एका अंगारकीला मी परळहून प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला अनवाणी गेलो, रात्रभर रांगेत उभा राहिलो आणि नवस बोललो की दारू सुटू दे, २१ मंगळवार करीन. मंगळवार सगळे पार पडले आणि पुढच्याच आठवड्यात मी पुन्हा प्यायलो. त्यानंतर कितीतरी दिवस मी देवावर रुसून होतो. दारूची इच्छा त्याने काढून घ्यावी असे मी मागत होतो. पण माझी संध्याकाळ, माझी संगत, पगाराच्या दिवशी ज्या गल्लीतून मी हटकून घरी येत असे ती गल्ली, यांतले काहीही मी त्याच्या स्वाधीन केले नव्हते, हे मला फार उशिरा कळले. नवस बोलणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. माझी आई जन्मभर नवस बोलत आली आणि तिची श्रद्धा माझ्याहून खोल होती. माझ्या दुखण्याला मात्र तो उपाय पुरला नाही.

पुढे वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात भजनाला जाऊ लागलो आणि तिथल्या एका वृद्ध वारकरी बुवांच्या हातून माळ घातली. तुळशीची माळ गळ्यात आली की मद्यमांस वर्ज्य, एकादशीचा उपवास, रोजचा हरिपाठ आणि पंढरीची वारी हे नियम आले. त्यांच्या बदल्यात संकटे टळतील असे तिथे मला कोणी सांगितले नाही. आधी हीच गोष्ट मला खटकली, आणि नंतर तिनेच मला सावरले, कारण पदरात काय पडले याचा हिशेब मांडण्याची माझी सवय तिथे मोडली. ज्या तुकोबांचे आपण नाव घेतो त्यांनीही १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावला होता, व्यापार बुडाला होता. त्यांची वाट देवाने सोपी केली नव्हती.

माळ घातल्यावर चौथ्या महिन्यात मी एकदा घसरलो, हेही तुम्हाला सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी बुवांकडे जाऊन, मी या माळेच्या लायकीचा नाही, ती उतरवून ठेवतो, असे म्हणालो. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “माळ काढलीत तर आज संध्याकाळी तुम्हाला कोण अडवणार?” तुम्ही दोनदा घसरलात म्हणून तुमचा विश्वास खोटा होता, असा अर्थ कृपा करून काढू नका.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर हात थरथरतात, भ्रम होतो, फिटही येऊ शकते आणि त्यातून जिवाला धोका संभवतो. म्हणून सोडण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, या तिन्ही महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. औषध घेतल्याने श्रद्धा उणी पडत नाही. मी गोळ्या घेत होतो आणि हरिपाठही म्हणत होतो.

त्याच काळात मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या संघटनेच्या मराठी सभांनाही जाऊ लागलो. ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिथे शुल्क नाही, पूर्ण नाव सांगावे लागत नाही, आणि तिच्या बारा पायऱ्यांपैकी तिसरी पायरी म्हणजे आपली इच्छा आणि आपले जीवन, ज्याला जसा देव उमगला असेल त्या देवाच्या हाती सोपवण्याचा निर्णय. मला तो विठ्ठलाच्या रूपात उमगला होता. माझ्या शेजारी बसणारे एक गृहस्थ दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जात. आम्हा दोघांनाही त्या सभांत एकच शिकवण मिळाली, की जन्मभराची शपथ घेऊ नये, आजच्या दिवसापुरते न पिणे एवढेच पाहावे.

आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर मी पहिल्यांदा चाललो तेव्हा दिवे घाटाच्या चढावर पाय इतके सुजले होते की परतावेसे वाटले. दिंडीतल्या एका मावशींनी माझी पिशवी काही न बोलता आपल्या डोक्यावर घेतली. देवाने मला उचलून घेतले असे मला जेव्हा जेव्हा वाटले, तेव्हा ते असेच कोणाच्या तरी हातून घडले होते. म्हणून तिसऱ्यांदा सोडताना एकटे राहू नका, आणि घरच्यांना त्या दिवसाची तारीख सांगून ठेवा.

स्टेशनवरून घरी येण्याची माझी जुनी वाट मी त्याच वर्षी बदलली. नवी वाट दहा मिनिटे लांबची आहे, आणि मी अजूनही तिनेच येतो.