सही करण्याआधी

प्रश्न : मुलगी पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्वतः गाणी लिहिते, चाली लावते, गिटारवर गाते. एकांकिकांतही काम करते. एक कंपनी तिची गाणी ‘सर्व हक्कांसह कायमची’ मागते आहे. शिक्षण सोडून मुंबईला जाते म्हणते. काय करावं? – एक आई, सांगली

ताई, मुंबईचं नंतर बघू, आधी तो करार. वकिलाला दाखवल्याशिवाय तिला सही करू देऊ नका.

स्वतःची गाणी करणाऱ्या मुलीची पुंजी म्हणजे तीच गाणी. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. शब्द आणि चाल आज तिच्या मालकीची आहेत. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मुद्रणाचा हक्क मात्र सहसा ते करवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून जमेल तेव्हा स्टुडिओचा खर्च तिनेच करावा, अगदी साधं मुद्रण झालं तरी चालेल. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही कंपनीला हिरावून घेता येत नाही. हे तिला ठाऊक हवं, कारण समोरचा ते सांगेलच असं नाही. गाणी प्रसिद्ध झाली की आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्यावं. कंपनीला ठरावीक वर्षांसाठी वापराची परवानगी द्यावी, मालकी नको. तेवढ्यावर ते तयार नसतील, तर सरळ नाही म्हणावं.

अभिनयाची ओढ मला फार मोलाची वाटते. अभिनेते-गीतकार पीयूष मिश्रांकडे बघा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले, दिल्लीत वर्षानुवर्षं नाटक केलं आणि ‘गुलाल’ या हिंदी चित्रपटात (२००९) भूमिका, गीतं, संगीत तिन्ही त्यांचंच. त्यामागे रंगभूमीवरची दीर्घ तालीम आहे. लगेच दैनंदिन मालिकेत शिरली तर बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये गाणं लिहायला वेळच उरणार नाही, आणि मानधन अनेकदा तीन महिन्यांनी हातात पडतं.

त्यामुळे पदवी पुण्यातच पूर्ण होऊ द्या. फिरोदिया करंडक या पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाट्य, संगीत, चित्र सगळं एकाच सादरीकरणात येतं. तिच्यासारखीला याहून चांगली जागा नाही. पुढे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशिक्षण घेता येईल. मुंबईच्या ऑडिशन आता बऱ्याचदा मोबाइलवर चित्रित करून पाठवता येतात. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

पदवीनंतर ती मुंबईला निघाली, तर अडवू नका. सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण भागेल एवढी रक्कम मात्र आधीच बाजूला काढून ठेवा.