जिना पाहिलास का?

पोरी,

परवा तुमच्या भचाऊकडे भूकंपाचा धक्का बसला, आणि तुझा पहाटे सव्वातीनचा मेसेज मी सकाळी चहाच्या वेळी वाचला. 'काका, कामगार विचारतायत आत झोपू का, आणि मला काय सांगावं तेच कळत नाहीये.' खाली तुझ्या वरिष्ठांचं म्हणणं: सांग काही होणार नाही, आणि सात वाजता कामावर घे. तू शेवटी काय सांगितलंस ते लिहिलं नाहीस. म्हणजे तेच सांगितलंस. रागावलो नाही. तुझ्याच वयाचा असताना, त्याच कच्छ जिल्ह्यात, मीही तेच सांगितलं होतं.

घाबरू नकोस वगैरे लिहीत बसत नाही. तू औशाकडची. त्र्याण्णवच्या किल्लारीच्या भूकंपानंतर पक्कं घर मिळालं तरी तुझी आजी कित्येक वर्षं बाहेरच्या पत्र्याच्या शेडातच झोपायची, हे तुझ्या बाबांनी मला किती वेळा सांगितलंय. भूकंप म्हणजे काय हे तुमच्या घरात शिकवावं लागत नाही. तुला शिकायचंय ते एवढंच, की 'आता काही होणार नाही' हे वाक्य इंजिनियरच्या तोंडात शोभत नाही. ज्योतिषाला शोभतं. त्याला कोणी जिन्याबद्दल विचारत नाही.

२६ जानेवारी २००१, सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटं. भुजमध्ये मी साइटवर झेंडावंदनाला गेलो होतो, म्हणून आज हे पत्र लिहितोय. आधी आवाज आला. लोक म्हणतात मालगाडीसारखा. मला तो जात्यासारखा वाटला, पायाखाली कोणीतरी अवाढव्य जातं ओढतंय असा. झेंड्याचा खांब डोलताना पाहिला आणि मग मीच जमिनीवर होतो. उठायला गेलो की पुन्हा आडवा. दीडेक मिनिट चाललं असेल. गावाकडे पाहिलं तर गावच दिसेना, नुसती पिवळट धूळ, आणि धुळीच्या वर भुजिया डोंगराचा माथा. अंजारला त्याच वेळी शाळेच्या पोरांची फेरी अरुंद गल्लीतून चालली होती. त्याबद्दल मला आजही बोलता येत नाही, पुढे जातो.

आमची इमारत उभी होती. तळमजला आणि वर दोन मजले, मी भाड्यानं राहत होतो. आम्ही सगळे समोरच्या मोकळ्या जागेत. वाळवंटातली जानेवारीची रात्र कशी असते ते तुला आता कळलंच असेल, दिवसा शर्ट नकोसा होतो आणि रात्री दात वाजतात. पडलेल्या घरांच्या चौकटी पेटवून बसलो होतो. स्टीलच्या पेल्यावर चमचा आडवा ठेवायचो, तो आधी वाजायचा. दुसऱ्या रात्रीपर्यंत त्याचीही गरज उरली नाही. जमिनीला कान लावून पडलं की धक्क्याच्या आधी एक घुमारा ऐकू यायचा, आणि सगळी माणसं, कोणी न सांगता, जमिनीवर तळहात टेकवायची. जमीन धरून ठेवता येते का? पण टेकवायची.

वरच्या मजल्यावर एक कच्छी कुटुंब होतं, बांधणीचा धंदा. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि ऑर्डरची गाठोडी आत अडकलेली. २७ च्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. 'साहेब, तमे तो एन्जिनियर छो. जाउं?' मी बाहेरूनच टॉर्च मारली. कॉलमचं प्लॅस्टर उडालं होतं, आतलं काँक्रीट धड दिसत होतं. म्हणालो, 'जा, आता काही होणार नाही.' गोळ्या आणि एक गाठोडं घेऊन तो पाच मिनिटांत परत आला. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर बरंच बरं वाटलं, दोन दिवसांत पहिल्यांदा मी कोणाच्या तरी उपयोगी पडलो होतो.

२८ ला पहाटे तो उरलेली गाठोडी आणायला गेला. या वेळी विचारलं नाही, कशाला विचारेल? त्या पहाटेचा धक्का मुख्य भूकंपानंतरच्या सगळ्यांत मोठा होता, सहाच्या जवळ जाणारा. इमारत तेव्हाही उभी राहिली. जिन्याचा मधला टप्पा तेवढा खाली आला. उजवा पाय गुडघ्याखालून गेला. दारावर घालून नेताना कोणीतरी त्याला विचारलं, गेलास कशाला? तो म्हणाला, एन्जिनियर साहेबांनी सांगितलं होतं. तक्रार म्हणून म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. तो फक्त विचारलेल्याचं उत्तर देत होता.

मी जिना पाहिला नव्हता.

मी त्याला एकदाच जा म्हणालो होतो, दुसऱ्यांदा तो आपणहून गेला. हा बचाव मी स्वतःपुढे इतकी वर्षं मांडतोय. काही दिवस पटतो, काही दिवस पटत नाही.

तुझे वरिष्ठ म्हणतात की धक्के कमी होत जातात. बरोबर आहे. मोठ्या भूकंपानंतर पहिल्या दिवशी शंभर बसले तर दहाव्या दिवशी साधारण दहा बसतात, असा तो उतार असतो. पण नीट वाच, तिथे कमी होते ती संख्या. उरलेले दहा हलकेच असतील असं वचन त्या उतारात कुठेही नाही. कच्छमध्ये तर तो उतार संपता संपत नाही. २००६ मध्ये बसले, २०२० च्या जूनमध्ये तुझ्या भचाऊजवळच पाचाच्या वरचा बसला. आणि परवाच्या तुमच्या धक्क्यामागून मोठा येईल का? बहुतेक नाही. ते 'बहुतेक' गिळू नकोस. किल्लारीला १९९२ मध्ये लहान धक्के बसतच होते. लोकांना सवय झाली. मग पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला काय झालं ते तुझ्या आजीला विचार.

मग कामगारांना सांगायचं काय? पाहिलंस तेवढंच सांग. 'या खोलीच्या भिंती मी पाहिल्यात, तिरकी भेग नाही. जिना अजून पाहिला नाही, म्हणून वरच्या मजल्यावर कोणी झोपायचं नाही. धक्के आणखी येतील, कधी ते मला माहीत नाही.' बस. माणसं असं उत्तर पचवतात. त्यांना खोटा धीर लगेच ओळखू येतो, फक्त साहेबासमोर ती बोलून दाखवत नाहीत.

आणि बघायचं म्हणजे खरंच बघायचं, बाहेरून टॉर्च मारून नाही. भिंत जिथे कॉलमला चिकटते तिथली उभी, सरळ भेग बहुधा प्लॅस्टरची असते, तिला घाबरू नकोस. दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर फुली मारल्यासारखी भेग दिसली तर मात्र सगळ्यांना बाहेर काढ. कॉलम आणि बीमच्या सांध्याजवळ हात फिरव. काल सहज लागणारं दार आज अडकतंय का बघ. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मार आणि शेजारी तारीख, वेळ लिही. पुढच्या धक्क्यानंतर भेग रेघेच्या बाहेर गेली असेल तर बोलायचं कामच उरत नाही, भिंतच सांगते. गच्चीवरची पाण्याची टाकी, कठडा, खाटेच्या डोक्याशी उभं केलेलं लोखंडी कपाट, हेही बघ. आणि जिना. जिना पाहिलास का? हे मी या पत्रात पुन्हा विचारणार आहे.

कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या त्या इमारतीत खाली नुसतं पार्किंग आहे आणि वर तीन मजले खोल्या, असं तू लिहिलंयस. हे वाचून माझा चहा गार झाला. अहमदाबाद भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब आहे, तरी तिथे कितीतरी इमारती बसल्या, आणि त्यांत बऱ्याच अशाच होत्या, खाली मोकळं आणि वर जड. भिंती नसलेला तळमजला म्हणजे काड्यांवर ठेवलेली पेटी. तुमच्या साइटवरच्या पत्र्याच्या केबिनी बऱ्या. त्या अंगावर पडल्या तरी माणूस सहसा मरत नाही. तिकडच्या बन्नी भागातले भुंगे पाहिलेस का, मातीची गोल घरं, वर गवताचं छप्पर? २००१ मध्ये त्यांतले बरेच धड राहिले. आधी मी त्यांना झोपड्या म्हणायचो. पदवी होती ना माझ्याकडे.

कामगार मोबाइलवर तीव्रतेच्या आकड्यांवरून भांडतायत म्हणतेस. भांडू दे. २००१ मध्येही आपल्या हवामान खात्याचा आकडा ६.९ होता आणि अमेरिकेचा ७.७. आकड्यानं जिना पडत नाही किंवा टिकत नाही.

कच्छच्या रणात पाणी वर आल्याची अफवा पसरलीय, त्याबद्दल विचारलंस. या वेळचं मला माहीत नाही. पण २००१ मध्ये खरंच आलं होतं, आणि सरस्वती परत आली म्हणून लोक बघायला धावले होते. धान्य मोजताना माप हलवलं की दाणे खाली बसतात ना, तशी हादऱ्यानं ओली वाळू बसायला बघते. मधल्या पाण्याला जागा उरत नाही, ते वाळू घेऊन वर फुटतं. तेवढा वेळ ती वाळू जमीन नसतेच, दाट लापशी असते. तुमच्या पवनचक्क्यांचे पाये कशावर उभे आहेत, मातीचा अहवाल तू स्वतः वाचलायस का? की तिथेही कोणीतरी 'काही होणार नाही' म्हणालंय? १८१९ च्या भूकंपात याच रणात जमीन उचलली जाऊन मैलोन्‌मैल लांबीचा अल्लाबंद नावाचा उंचवटा तयार झाला आणि सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. तुझ्या वरिष्ठांना म्हणावं, ही जमीन काय करू शकते ते तिनं आधीच दाखवून ठेवलंय.

मला हट्टी म्हणतात. दोन नोकऱ्या 'काही होणार नाही' या वाक्यापायी गेल्या, एकदा न पाहिलेल्या इमारतीच्या दाखल्यावर सही करत नाही म्हणून आणि एकदा ग्राहकासमोर 'बहुतेक' म्हणालो म्हणून. माझ्या मुलाची मित्रमंडळी मला जेवायला बोलावत नाहीत, मी हॉटेलात शिरताच आधी कॉलम बघतो म्हणे. बघतो. तुझी काकू म्हणते की त्या एका पायाचं कर्ज तुम्ही सगळ्या गावाकडून वसूल करताय. असेलही. पण सही न केलेल्या त्या इमारतीत आज लोक राहतात, ती धडधाकट उभी आहे, आणि तरीही माझं चुकलं असं मला वाटत नाही. हे तुला पटायलाच हवं असं नाही. नोकरी सोड असंही मी सांगत नाहीये, तुझ्यावर कर्ज आहे ते मला माहीत आहे. सातला कामावर घे म्हणाले तर घे. फक्त ते वाक्य त्यांना स्वतःच्या तोंडानं बोलू दे, तू बोलू नकोस.

आईला मात्र खरं सांग. बाहेर झोपतेय, स्वेटर आहे, जोड्यांत पाय घालण्याआधी झटकतेय. आणि उद्या उजाडल्यावर तळापासून गच्चीपर्यंत जिन्याच्या प्रत्येक टप्प्याचा खालच्या बाजूनं फोटो काढून मला पाठव. वर चढू नकोस, बाहेरून वाकून जेवढे निघतील तेवढे काढ. न निघालेल्या टप्प्यांची नावं वेगळी लिही.

तुझा,
काका

ता. क. पेन्सिल सुताराची घे, चपटी, जाड शिशाची. साध्या पेन्सिलीची रेघ चुन्यावर दोन दिवसांत पुसते.