रात्री नऊ ते दोन : मध्यरात्र ओलांडणारी वेळ

प्रश्न : इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्या-चांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्यापुढे खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. अशा एका दुकानासाठी मी ऑर्डर घेणारा प्रोग्राम लिहिला आहे. दुकान रात्री नऊ ते दोन चालते, म्हणून ‘वेळ नऊनंतरची आणि दोनच्या आधीची असावी’ अशी अट घातली. तरी दुकान सदैव बंदच दिसते. चूक कोठे आहे?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ‘दोन’ म्हणजे दुसऱ्या दिवसाचे दोन, हे आपण बोलताना गृहीत धरतो, तुमच्या प्रोग्रामला मात्र केवळ घड्याळ दिसते, तारीख दिसत नाही. मध्यरात्रीपासून मिनिटे मोजली तर रात्रीचे नऊ म्हणजे १२६० आणि दोन म्हणजे १२०. १२६०हून मोठी आणि १२०हून लहान अशी संख्याच नसल्यामुळे अट कधीही खरी ठरत नाही. सुरुवात शेवटाहून मोठी असेल तेव्हा ‘आणि’ऐवजी ‘किंवा’ वापरल्यास काम भागते.

मला मात्र दुसरी रीत अधिक भरवशाची वाटते. शेवटाची वेळ न साठवता कालावधी साठवावा. तुमच्या बाबतीत तो ३०० मिनिटे आहे. आताच्या वेळेतून सुरुवात वजा करावी, १४४० (दिवसाची एकूण मिनिटे) मिळवावे आणि १४४०ने भागून बाकी घ्यावी. ही बाकी ३००हून कमी असेल तर दुकान चालू समजावे. रात्री साडेबाराला बाकी २१० येते, दुपारी दोनला १०२०. चोवीस तास चालणाऱ्या दुकानाचा कालावधी १४४० ठेवला की तेथेही हाच नियम लागू पडतो.

‘कमी’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे : सुरुवातीचा क्षण धरावा, शेवटचा धरू नये, म्हणजे लागून येणाऱ्या दोन पाळ्यांत एकही मिनिट दोनदा मोजले जात नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी १९८२ साली क्रमांकनाविषयीच्या टिपणात हीच पद्धत पुरस्कारली होती. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतील ‘बिट्वीन’ (‘च्या दरम्यान’) ही अट दोन्ही टोके धरते, तेव्हा तेथे सावध राहावे.

सर्व्हरचे घड्याळही तपासावे. ते यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर इंदूरच्या रात्रीच्या नऊ वाजता तेथे १५:३० वाजलेले असतात.

दुकानाला साप्ताहिक सुट्टी असल्यास शनिवारी रात्री साडेबाराला आलेली ऑर्डर तारखेने रविवारची, पण दुकानाच्या हिशेबाने शनिवारचीच असते. अशा वेळी आताच्या तारीख-वेळेतून वरची बाकी वजा करावी आणि वजाबाकीतून मिळालेल्या क्षणाचा वार पाहावा.